डोळे भरणारीचं कोपर

त्या वर्षी खुंटांची साल सुटायलाच तयार नव्हती.

एरवी थंडी ओसरली की खुंटांत, म्हणजे कलम करायच्या जंगली रोपांत, रस चढतो. खोडावर चाकूने एक आडवा आणि एक उभा काप दिला, पात्याच्या बोथट बाजूने जरासं उचकटलं, की साल उकडलेल्या बटाट्यासारखी मोकळी होते. मग चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, पानाच्या बेचक्यातला बारीक कोंब, नखाएवढ्या सालीसकट कापून घ्यायचा, त्या फटीत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. रोपवाटिकेत याला डोळे भरणं म्हणतात. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला असला तर गेला.

पण त्या वर्षी थंडी काढता पाय घेईना आणि कालव्याचं पाणीही लांबलं. साल खोडाला अशी घट्ट धरून बसली होती की प्रत्येक खुंटाशी झटापट करावी लागे. चाकू आत घालून मनगटाने पिळायचा, पुन्हा पिळायचा. कुठे साल फाटे, कुठे डोळा चिरडला जाई.

थोरली जाऊ डोळे भरायची आणि धाकटी तिच्या मागून पट्ट्या बांधत जायची. नऊ वर्षं हेच चाललं होतं. दोघी गुडघ्यांवर बसून वाफ्यातून पुढे सरकायच्या, थोरली पुढे आणि धाकटी मागे. थोरलीला सेहेचाळिसावं लागलं होतं. बोलायला फटकळ, अंगाने काटक. दिवसाला सातशे डोळे भरायची आणि शंभरातले पंच्याण्णव लागायचे. तिच्या हातात चाकू आहे हे बघणाऱ्याला कळायचंच नाही. बोटंच कापतायत असं वाटायचं. धाकटी एक पट्टी बांधून होईतो थोरली दोन खुंट पुढे गेलेली असे, आणि मागे वळून बघणं तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या दिवशी थोरली थांबली, तेव्हा धाकटी तिच्या पाठीवर आपटता आपटता राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. मुंगी चावली."

मुंगी बिंगी काही नव्हती. थोरलीने चाकू मातीत रोवला होता आणि डाव्या हाताने उजवं कोपर बाहेरच्या अंगाने दाबून धरलं होतं. डोळे मिटलेले. मग तिने हात झटकला, चाकू उचलला आणि पुढच्या खुंटाला भिडली. धाकटीने त्या दिवसात अशा सोळा मुंग्या मोजल्या.

चहाच्या सुट्टीत व्हायचं ते झालं. शेडमध्ये सगळ्या बायका बसल्या होत्या. थोरलीने चहाची किटली उचलली आणि ती हातातून सुटली. उचलताना बोटांतलं बळच गेलं, जणू कुणी मनगटाची दोरी कापली. किटली मुकादमाच्या पायापाशी पडली आणि चहा त्याच्या विजारीवर उडाला. कुणीतरी फिसकन हसलं.

मुकादम वाईट माणूस नव्हता. पण नऊ हजार खुंट भरायचे राहिले होते, ऊन तापायला तीन आठवडे होते, आणि ऊन तापलं की साल पुरती बंद होते. त्याने विजार झटकली आणि म्हणाला, "बाई, सकाळपासून बघतोय मी. तुमची साल फाटतेय. उद्यापासून पिशव्या भरायला बसा."

पिशव्यांत माती भरायचं काम नव्या आलेल्या, काही न येणाऱ्या बायकांचं.  थोरलीने ओणवी होऊन डाव्या हाताने किटली उचलली, तिचं झाकण शोधलं आणि नळावर जाऊन विसळून आणली. धाकटीला वाटलं, ही आता चिडेल, दोन शब्द सुनावेल. ती सुनावत नाही हे बघून धाकटीला धसकाच बसला.

घरी आल्यावर एकेक गोष्ट उघड झाली. थोरलीने चादर धुतली, पण पिळेना. तशीच पाणी गळती दोरीवर टाकायला निघाली. नळ डाव्या हाताने फिरवला. दाराची कडी डाव्या हाताने काढली. केस विंचरायला घेतले आणि फणी परत कोनाड्यात ठेवली.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"काय कधीपासून?"

"ताई, मी आंधळी नाही."

थोरलीने केसांची तशीच गाठ मारली. "होईल बरं. शेक दे जरा आणि घट्ट बांध काहीतरी."

धाकटीने शेक दिला आणि फडकं घेऊन कोपरावरच करकचून बांधलं. तिचा नवरा रोपवाटिकेचा ट्रॅक्टर चालवायचा. तो दारात बूट काढता काढता म्हणाला, "वहिनी, एक इंजेक्शन ठोकून घ्या. आमचा पंपवाला उठून बसला दुसऱ्या दिवशी."

थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो बूट हातात घेऊनच आत गेला.

मंगळवारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. धाकटीने थोरलीला जवळजवळ ओढतच नेलं. बाई लहानखुऱ्या होत्या, चष्म्याच्या आणि घाईत नसलेल्या. त्यांनी आधी हात बघितलाच नाही. काय काम करता ते विचारलं.

"डोळे भरते."

"कुणाचे?"

"संत्र्यांचे," थोरली म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

बाईंनी सगळं करून दाखवायला लावलं. पेन चाकूसारखं धरून थोरलीने हवेतल्या हवेत कापलं, उचकटलं, सरकवलं. बाई टेबलाला वळसा घालून बघत होत्या. "किती वेळा असं पिळता?"

"एका खुंटाला चार-पाचदा. यंदा दहादा. साल सुटत नाही."

"म्हणजे दिवसाला हजारो वेळा." बाईंनी कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ अंगठा टेकवला, तशी थोरली खुर्चीतून अर्धी उठली. मग त्यांनी तिला समोरची खुर्ची पालथ्या हाताने उचलायला सांगितली. खुर्ची जेमतेम हलली आणि थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "आता हात उताणा करा, तळवा वर. हं, उचला." खुर्ची उचलली गेली. थोरली खुर्चीकडे बघत राहिली, मग हाताकडे.

"हे कसं काय?"

"याला टेनिस एल्बो म्हणतात."

"बाई, मी उभ्या जन्मात चेंडू हातात धरला नाही."

"हा ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांनी धरलेला नसतो." बाई हसल्या. त्यांनी थोरलीचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि मनगटापासून वर कोपरापर्यंत बोट ओढत नेलं. "मनगट वर उचलणारे स्नायू हे इथले. बोटं काहीही घट्ट धरतात, तेव्हा हे स्नायू मनगट ताठ ठेवतात. आणि सगळे जाऊन बांधलेले कुठे? तर इथे, या हाडाच्या टोकाला. कामाचा सगळा ओढा या एवढ्याशा जागेवर येतो. ती झिजलीय. भरून यायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुम्ही तिला दिला नाहीत."

थोरलीने जरा विचार केला. "म्हणजे दुखतं कोपर, पण करणी मनगटाची."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, आणि धाकटीला उगाचच अभिमान वाटला, जणू परीक्षेत तिचाच पहिला नंबर आला होता.

मग बाईंनी विचारलं, "याआधी कधी इंजेक्शन घेतलंय यात?"

धाकटी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तोच थोरली म्हणाली, "गेल्या वर्षी. हंगामाच्या आधी."

धाकटी गर्रकन वळली. गेल्या वर्षी थोरली दोन दिवस मावशीकडे म्हणून गेली होती ते हे!

"मग?"

"सहा आठवडे हात लोण्यासारखा चालला. नेहमीपेक्षा जास्त भरले मी. मग पावसाळ्यात दुखायला लागलं ते आधीच्या दुप्पट."

"असंच होतं पुष्कळांचं. दुखणं झाकलं जातं आणि माणूस त्याच जागेवर पुन्हा तुटून पडतो. थोड्या दिवसांचं सुख मिळतं, पण वर्षभराचा हिशेब बघितला तर न घेतलेलेच पुढे असतात. मी परत घ्या म्हणणार नाही."

बाईंनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली मागवली. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. बाटली धरलेला हात दुसऱ्या हाताने वर उचलायचा आणि मग दुखऱ्या हाताने एकट्यानेच सावकाश, पाच आकडे मोजत खाली यायचं. पंधरा वेळा, असं तीनदा, रोज. "थोडं दुखेल, दुखू द्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. हात गळ्यात बांधून बसू नका आणि त्याच्यावर कामाचा डोंगरही घालू नका. उचलायचं ते उताण्या हाताने. चाकूची मूठ जाड करा. आणि हे काय बांधलंय?"

"मी बांधलं," धाकटी पुटपुटली.

"पट्टा कोपरावर नाही बांधायचा. खाली, दोन बोटं सोडून."

"नऊ वर्षं पट्ट्या बांधतेय ही," थोरली बाईंना म्हणाली, "आणि माझी नेमकी चुकीच्या जागी बांधली."

तिघीही हसल्या. मग थोरलीने विचारलं, "किती दिवस?"

"बारा आठवडे. जास्तही लागतील."

थोरली उठली, बाटली पिशवीत टाकली, तीही डाव्या हाताने.  हंगामाचे तीन आठवडे उरले होते आणि हाताला बारा हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती पिशव्या भरायला गेली नाही. धाकटीला घेऊन सरळ मुकादमासमोर उभी राहिली. धाकटीच्या नवऱ्याकडून त्याला सगळं कळलं होतं. मुकादमच आधी बोलला, "मालकांशी बोललोय मी. त्यांची गाडी नेईल तुम्हाला. इंजेक्शन घ्या, तीन आठवडे काढा, मग काय आराम करायचा तो करा. असा हात दुसऱ्या कुणाचा नाही आपल्याकडे."

"इंजेक्शन घेणार नाही. चाकू आता ही धरेल." तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही? हिने आजवर पट्ट्या बांधल्यात."

"माझ्या मागे बांधल्यात. नऊ वर्षं रोज सातशे डोळे बघितलेत तिने. आणि दुसरं, वाफ्यांना पाणी द्या."

"पाणी कुठाय? टाकीतलं लहान रोपांपुरतं आहे."

"सगळ्या वाफ्यांना नकोच. चार वाफ्यांना द्या आणि तिसऱ्या दिवशी तेवढेच भरा. मग पुढचे चार. कोरड्या खुंटाशी मारामारी करून तुम्ही साल फाडताय, डोळे घालवताय आणि बायकांचे हात मोडताय. एकेका खुंटाला दहा हिसके बसतायत. ते तीनवर आले तर पाणी वाया गेलं म्हणाल का?"

मुकादमाने टोपी काढून डोकं खाजवलं. एवढं लांब बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. "चार वाफे," तो शेवटी म्हणाला. "आणि हिचे डोळे गेले तर तुम्ही बघून घ्या."

 संध्याकाळी अंगणात दोघी कापलेल्या फांद्यांचा भारा घेऊन बसल्या. चाकूच्या मुठीला थोरलीने जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली होती. धाकटीने तो हातात घेतला आणि इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं.

"इतकी वर्षं का नाही दिलात मला? दोनदा मागितला होता मी."

थोरली उलट उत्तर देईल असं तिला वाटलं. थोरलीने फांदी गुडघ्यावर ठेवली.

"दिला असता तर तू शिकली असतीस. तुझे डोळे तरणे, बोटं बारीक. दोन वर्षांत मला मागे बसावं लागलं असतं. हे गेल्यापासून माझ्याकडे तेवढंच तर होतं, पुढे बसणं." मग लगेच, "चल, धर. अंगठा पात्यावर नको, बोट जाईल."

 धाकटीने पहिला काप दिला तो फांदीऐवजी बोटात. दुसराही तसाच. थोरलीने चिंधी बांधली आणि पुन्हा फांदी पुढे केली. ती डाव्या हाताने दाखवायची. डावा हात अडाणी, काप वाकडा जायचा, पण सांगणं इतकं नेमकं की धाकटीला उजवा हात दिसायचा. आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची, जी तिला स्वतःला कुणी सांगितली नव्हती: मनगट दुमडू नकोस, सरळ ठेव, सगळा हात खांद्यातून फिरव, मूठ आवळू नकोस, चाकू पळून जात नाही.

"तुम्ही तर मनगटानेच करायचात."

"म्हणून तर बाटली घेऊन बसलेय."

बाटली ती रोज घेऊन बसायची. चहाच्या सुट्टीत, शेडमधल्या बाकावर, सगळ्यांसमोर. हात कडेबाहेर, ओठ घट्ट मिटलेले, एक, दोन, तीन, चार, पाच. पहिल्या आठवड्यात कपाळावर घाम यायचा. बायकांनी तिला बाटलीबाई म्हणायला सुरुवात केली. "बाटलीबाई, अजून चढली नाही का?" थोरली मोजणी न मोडता डाव्या हाताने त्यांना थांबा म्हणायची आणि पंधरा झाले की हिशेबाने एकेकीला उत्तर द्यायची. धाकटीला राहून राहून नवल वाटायचं. हीच बाई किटली पडली त्या दिवशी मान खाली घालून ती विसळायला गेली होती. आता हसू अंगावर घेते आणि आकडा चुकू देत नाही.

एक दिवस ती चुकलीही. तिसऱ्या आठवड्यात हात हलका वाटला म्हणून तिने लिटरची बाटली धरली आणि वर पाण्याची बादली उचलली, तीही पालथ्या हाताने, सवयीने. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कप धरवेना. धाकटी घाबरली. थोरली म्हणाली, "आठवड्याची कमाई घालवली," आणि लिटरची बाटली बाजूला सारून पुन्हा अर्ध्याची घेतली. रडगाणं नाही, कुणाला बोल नाही.

वाफ्यांत पाणी फिरलं तशी साल सुटू लागली. पूर्वीसारखी नाही, पण सुटू लागली. धाकटीने पहिल्या दिवशी नव्वद डोळे भरले. थोरली आता तिच्या मागे होती, डाव्या हाताने पट्ट्या बांधत, दातांत टोक धरून. पाठीमागून आवाज यायचा, "हा डोळा उलटा बसवलास, काढ." "हा कोरडा पडला, टाकून दे." "हं, हा बरा." तो 'बरा' ऐकायला धाकटी दहा-दहा खुंट वाट बघायची. तिसऱ्या आठवड्यात ती साडेतीनशेवर गेली. बाकीच्या जोड्यांचे धरून, आणि ऊन चार दिवस उशिरा तापल्यामुळे, नऊ हजारांतले साडेसात हजार भरून झाले. मुकादमाने उरलेल्यांची आशा सोडली आणि कुणाला बोल लावला नाही.

शेवटच्या वाफ्यालाही तीन आठवडे झाले आणि पट्ट्या सोडायचा दिवस आला. मुकादम स्वतः बघायला आला होता. धाकटीने तिच्या पहिल्या वाफ्यातली पहिली पट्टी उलगडली. डोळा काळा. दुसरा काळा. तिसरा हिरवा, चौथा काळा. दोनशेंतले एकाहत्तर लागले होते. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मुकादमाने तो आकडा वहीत लिहून घेतला, ते जास्त लागलं.

थोरली तिच्या शेजारी बसली. "माझ्या पहिल्या वाफ्यात किती लागले होते, माहीत आहे?"

"किती?"

"नऊ. मी तेव्हाच्या मुकादमांना सांगितलं, बकरी शिरली होती वाफ्यात."

मुकादम खो खो हसला. "म्हणजे ती बकरी तुम्हीच! आमचे आधीचे मुकादम मरेपर्यंत ती बकरी शोधत होते."

पुढचा वाफा उघडला. एकशे दहा. त्याच्या पुढचा एकशे एकतीस. शेवटच्या वाफ्यात धाकटी पट्ट्या सोडत गेली आणि हिरवा, हिरवा, हिरवा असं मनात म्हणत गेली, मग म्हणणंही विसरली. दोनशेंत एकशे अडुसष्ट. मुकादमाने आकडा दोनदा मोजला. थोरली एकेका डोळ्यावरून बोटाचं टोक फिरवत वाफ्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"तिसऱ्या ओळीत पट्ट्या सैल बांधल्यात," ती म्हणाली. "तो दोष बांधणारीचा."

पावसाळा लागला. हाताला बारा नाही, एकोणीस आठवडे लागले. व्यायामवाल्या बाईंनी एका मंगळवारी कोपर दाबलं, खुर्ची उचलायला लावली, आणि चाकू धरायची परवानगी दिली. पण एक अट घातली. आकडा थोरलीने स्वतः ठरवायचा आणि तो पाळायचा. थोरलीने जरा विचार करून सांगितलं, चारशे.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मुकादमाने दोघींना शेजारशेजारच्या ओळी दिल्या आणि मागे पट्ट्यांना दोन नव्या बायका. सकाळपासून धाकटी कानोसा घेत होती. शेजारच्या ओळीतून तोच जुना आवाज येत होता, चाकूचा बारीक कर्रर्र आणि सालीचा मऊ चट्. लय तीच. फक्त मनगट आता वळत नव्हतं. सगळा हात खांद्यापासून झुलत होता. हे सगळं तिने या वयात मोडून नव्याने बसवलं होतं. धाकटी बघत राहिली आणि दोनदा मागे पडली.

दुपार कलली. ऊन अजून झाडांच्या वर होतं. थोरलीने एक डोळा सरकवला, चाकू पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

"काय हो?" मुकादम बांधावरून ओरडला. "अजून अडीच तास आहेत. तुमचा हात तर आज मस्त चाललाय!"

"चारशे झाले."

"अहो, आज शंभर जास्त भरा. दुखतंय का?"

"नाही," थोरली म्हणाली. "म्हणूनच थांबतेय."

सगळ्या ओळींत बायकांचे चाकू थांबले होते. पंचवीस वर्षांत थोरलीला कुणी दिवस मावळायच्या आधी गुडघ्यांवरून उठताना पाहिलं नव्हतं. ती उठली, गुडघ्यांची माती झटकली, आणि बांधावरून चालत फाटकाकडे निघाली. घाई नाही, मान खाली नाही. मुकादमाने वहीत तिच्या नावापुढे चारशे लिहिले.

धाकटीने आपली ओळ संपवली आणि सगळ्यांबरोबर घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीपाशी थोरली गाढ झोपली होती. उजवा हात उशीच्या बाहेर पसरलेला, बोटं अर्धवट उघडी, तळवा वर. त्या हाताला मोकळं पडलेलं धाकटीने कधी बघितलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली. मागून तिचा नवरा बूट वाजवत आला, तसं तिने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला बाहेरच थांबवलं.